संदेशरांग आणि तिच्यामागील तबकडी

एका आज्ञावलीला दुसऱ्या आज्ञावलीस काही कळवावयाचे असते, परंतु दुसरी त्या क्षणी मोकळी असेलच असे नाही. किंबहुना ती चालू असेल याचीही शाश्वती नसते. प्रवाशाचे पैसे जमा झाल्याची खबर देणारी आज्ञावली आणि त्या खबरीवरून तिकीट तयार करणारी आज्ञावली यांची गती सारखी नसते. अशा दोघींच्या मध्ये तिसरी एक मध्यस्थ आज्ञावली बसविली जाते. ती पहिलीकडून संदेश घेते, सांभाळून ठेवते आणि दुसरीला सवड झाली की तिच्या हवाली करते. मध्यस्थाकडे साठलेल्या संदेशांच्या ओळीस संदेशरांग म्हणतात आणि ही मध्यस्थ आज्ञावली ज्या संगणकावर चालते त्यास सर्व्हर. आयबीएमने 1993 मध्ये आणलेली एमक्यूसिरीज, मायक्रोसॉफ्टची 1997 मधील एमएसएमक्यू, लंडनमध्ये 2007 साली जन्मलेली रॅबिटएमक्यू आणि लिंक्डइन या कंपनीत तयार होऊन 2011 साली सर्वांना खुली झालेली काफ्का ही या जातीची प्रसिद्ध उदाहरणे होत.

वरील वर्णनातील ‘सांभाळून ठेवते’ या दोन शब्दांतच सारी अडचण आहे. टपाल कचेरीत नोंदणीकृत पत्र देणाऱ्यास पावती मिळत असे, ती कारकुनाने पत्राची नोंद केल्यानंतर. पावती हाती पडली की पत्राची जबाबदारी टपाल खात्याची. संदेशरांगही अशीच पावती देते, आणि ती मिळाली की पाठविणारी आज्ञावली आपल्याजवळची प्रत टाकून देते. आता त्या संदेशाची एकुलती एक प्रत मध्यस्थाजवळ उरते. अशा वेळी वीज गेली आणि ती प्रत केवळ संगणकाच्या स्मृतीत असली, तर प्रवाशाच्या खात्यातून पैसे गेलेले असतात आणि तिकिटाचा मात्र कोठेही मागमूस नसतो. म्हणून महत्त्वाच्या संदेशांच्या बाबतीत आधी नोंद आणि मग पावती हा क्रम पाळावा लागतो. ही नोंदीची वही म्हणजे तबकडी.

यावरून एक गोष्ट उघड होते. रांगेपुढे दुसरी एक रांग असते: संदेश मध्यस्थापुढे उभे असतात आणि मध्यस्थ तबकडीपुढे उभा असतो. पुष्कळ ठिकाणी देखरेख म्हणून पहिल्या रांगेतील संदेशांची संख्या तेवढी पाहिली जाते. तो आकडा उपयोगी आहे यात शंका नाही, परंतु तो उशिरा बोलतो, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे कधी कधी उलटेही बोलतो.

लिहिणे म्हणजे नक्की काय

आज्ञावलीने फाइलमध्ये मजकूर लिहिला म्हणजे तो तबकडीवर उमटला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. लिनक्ससारखी संचालन प्रणाली हा मजकूर प्रथम मुख्य स्मृतीत, ‘पेज कॅश’ नावाच्या भागात ठेवते आणि लेखन झाल्याचे कळवून मोकळी होते. तबकडीवर उतरविण्याचे काम मागाहून होते. लिनक्सच्या मूळ मांडणीत हे काम करणारे अंतर्गत धागे दर 5 सेकंदांनी जागे होतात आणि 30 सेकंदांहून जुना झालेला मजकूर खाली उतरवितात. म्हणजे ‘लिहिलेला’ संदेश अर्धा मिनिट किंवा त्याहूनही थोडा अधिक काळ विजेच्या भरवशावर असू शकतो. ज्या आज्ञावलीला तसे चालणार नाही, तिने ‘एफसिंक’ ही वेगळी विनंती करावयाची असते. ती केली की मजकूर कायमचा उतरल्याचे तबकडीकडून कळेपर्यंत आज्ञावली थांबून राहते.

या थांबण्याची किंमत किती, हे साध्या हिशेबाने काढता येते. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी चुंबकीय तबकडी सेकंदाला 120 फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. नव्या नोंदी मागील नोंदीच्या लगतच करावयाच्या असल्या, तरी एक एफसिंक पुरी होऊन पुढचा मजकूर येईपर्यंत ती जागा लेखनशीर्षाखालून निघून गेलेली असते, आणि ती परत येण्यासाठी जवळजवळ पूर्ण फेऱ्याची वाट पाहावी लागते. प्रत्येक संदेशासाठी स्वतंत्र एफसिंक केली, तर सेकंदाला सुमारे 120 संदेश ही अशा तबकडीची सीमा झाली. संदेश 2 किलोबाइटचा धरला, तर हा ओघ सेकंदाला अवघा 240 किलोबाइट होतो. हीच तबकडी एखादी मोठी फाइल सलग लिहिताना सेकंदाला शंभराहून अधिक मेगाबाइट सहज पेलते. बाइटांत मोजले तर ती रिकामी, आणि कामांत मोजले तर तुडुंब भरलेली! तबकडीवर देखरेख करणाऱ्यांची पहिली फसगत बहुधा येथेच होते. कारण आलेखावर बाइटांची रेषा तळाशी सपाट पडलेली असते आणि पाठविणाऱ्या आज्ञावल्या तर पावतीसाठी खोळंबलेल्या असतात.

मध्यस्थ आज्ञावल्यांच्या कर्त्यांनी यावर माहीतगार तोडगा योजिला आहे. थोड्याशा अवधीत आलेले अनेक संदेश एकत्र लिहावयाचे, त्या सर्वांसाठी एकच एफसिंक करावयाची आणि मग सर्वांच्या पावत्या एकदम द्यावयाच्या. एका खेपेस पन्नास संदेश बसले तर वरीलच तबकडी सेकंदाला सहा हजारांपर्यंत जाऊ शकते. काफ्काने निराळा मार्ग धरला. ती मूळ मांडणीत प्रत्येक संदेशासाठी एफसिंक करीतच नाही; तोच संदेश अनेक सर्व्हरांवर ठेवून एकाच वेळी सर्वांची वीज जाणार नाही या गृहीतावर ती विसंबते. रॅबिटएमक्यूमध्ये 2019 साली आलेल्या ‘कोरम’ रांगा दोन्ही गोष्टी करतात: बहुसंख्य सर्व्हरांच्या तबकडीवर नोंद उतरल्यावरच पावती मिळते. म्हणून तबकडीचे आकडे पाहण्यापूर्वी आपला मध्यस्थ यांपैकी कोणते धोरण पाळतो हे जाणून घेतले पाहिजे. ते ठाऊक नसताना काढलेले निष्कर्ष म्हणजे अंदाजच.

आज पुष्कळ सर्व्हरांत फिरणारी तबकडी नसते. एसएसडी नावाची, कोणताही हलता भाग नसलेली साठवण असते. तिच्यात गोल असे काहीच नाही, तरी ‘डिस्क’ हे नाव मात्र चालूच राहिले. लेखनाचा अवधी येथे मिलिसेकंदांवरून मायक्रोसेकंदांवर येतो. तथापि, वीज अचानक गेल्यास हातातील मजकूर उतरविता यावा म्हणून चांगल्या एसएसडीत विद्युत्‌धारक बसविलेले असतात. घरगुती वापराच्या स्वस्त एसएसडीत ते बहुधा नसतात. अशा एसएसडीवर प्रत्येक एफसिंकला काही मिलिसेकंद लागू शकतात, आणि नव्या साधनावर जुनाच प्रश्न परत उभा राहतो.

आयोस्टॅटचे आकडे

लिनक्स प्रणाली प्रत्येक डिस्कने किती वाचने केली, किती लेखने केली आणि त्यांत किती वेळ गेला यांची मोजदाद सतत ठेवीत असते. ही मोजदाद ‘प्रोक’ निर्देशिकेतील ‘डिस्कस्टॅट्स’ या फाइलीत कोणासही पाहता येते. परंतु हे आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनच्या बेरजा असतात; विजेच्या मीटरप्रमाणे दोन वेळचे वाचन घेऊन वजाबाकी केल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही. ही वजाबाकी ‘आयोस्टॅट’ ही छोटी आज्ञावली करून देते. तिला ठरावीक सेकंदांच्या अंतराने आकडे देण्यास सांगितले, तरी तिचा पहिला अहवाल यंत्र सुरू झाल्यापासूनच्या सरासरीचा असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तीन महिने चालू असलेल्या सर्व्हरावर ही सरासरी आजच्या अडचणीविषयी काहीच सांगत नाही. पहिला अहवाल सोडून द्यावा.

विस्तृत अहवालातील अनेक स्तंभांपैकी संदेशरांगेच्या दृष्टीने महत्त्वाचे थोडेच आहेत. दर सेकंदाची वाचने आणि लेखने, त्यांचे किलोबाइट, एका वाचनास वा लेखनास लागलेला सरासरी वेळ म्हणजे ‘अवेट’, आणि डिस्कपुढे ताटकळत असलेल्या कामांची सरासरी संख्या. यांतील पहिल्याचे आणि शेवटच्या दोहोंचे एकमेकांशी पक्के नाते आहे. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतील सरासरी संख्या ही येण्याचा वेग आणि आत घालविलेला वेळ यांच्या गुणाकाराइतकी असते. सेकंदाला 400 लेखने होत असतील आणि प्रत्येकास 5 मिलिसेकंद लागत असतील, तर कोणत्याही क्षणी सरासरी दोन लेखने डिस्कपाशी असणार. आयोस्टॅटच्या स्तंभांत हा गुणाकार जुळतो की नाही हे पाहणे ही वाचकासाठी चांगली तालीम आहे.

रांगांच्या या गणिताचा उगम संगणकाच्या कितीतरी आधीचा, टेलिफोनचा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एरलांग यांचा या विषयावरील पहिला लेख 1909 सालचा. रॅबिटएमक्यू ज्या भाषेत लिहिली गेली तिचे नावही ‘एरलँग’च, आणि ती भाषाही एरिक्सन या दूरध्वनी यंत्रे बनविणाऱ्या स्वीडिश कंपनीत जन्मली. या गणिताचा एक निष्कर्ष देखरेखीस फार उपयोगी पडतो. कामे अनियमितपणे येत असतील आणि सेवेचा अवधीही अनियमित असेल, तर सेवा देणारा निम्मा वेळ व्यग्र असताना कामास लागणारा एकूण वेळ मूळ सेवेच्या दुप्पट होतो. 80 टक्के व्यग्र असताना पाचपट, 90 टक्क्यांवर दहापट, 95 टक्क्यांवर वीसपट. चढ प्रथम जाणवतही नाही आणि अखेरीस कड्यासारखा उभा राहतो. काल सुरळीत चाललेली रांग आज वाहतूक थोडीशीच वाढताच एकदम का तुंबली, याचे कोडे बहुतेक वेळा येथे सुटते.

आयोस्टॅटच्या शेवटच्या स्तंभात डिस्क किती टक्के वेळ व्यग्र होती तेही दिलेले असते, आणि सर्वांची नजर प्रथम तिकडेच जाते. एका वेळी एकच काम करणाऱ्या फिरत्या तबकडीसाठी तो आकडा विश्वसनीय होता. एसएसडी किंवा अनेक तबकड्यांचा गट एकाच वेळी अनेक कामे हाताळतो. एखादेही काम हाती असले की तेवढा वेळ ‘व्यग्र’ म्हणून मोजला जातो. तेथे 100 टक्के म्हणजे क्षमता संपली असे नव्हे. अशा ठिकाणी अवेटवर, विशेषतः लेखनाच्या अवेटवर, लक्ष ठेवणे अधिक शहाणपणाचे.

वाचने दिसू लागली म्हणजे

संदेशरांगेच्या डिस्कवर सर्वांत बोलका आकडा कोणता असेल, तर तो लेखनांचा नसून वाचनांचा होय. याचे कारण पेज कॅशमध्ये आहे. संदेश आला की तो डिस्कवर उतरविला जातो, पण त्याची स्मृतीतील प्रत लगेच पुसली जात नाही. घेणारी आज्ञावली काही क्षणांत तो संदेश मागते, तेव्हा तो तिला स्मृतीतूनच मिळतो. डिस्कला त्याची वार्ताही नसते. म्हणून निरोगी रांगेचे चित्र जरा विलक्षण दिसते: जितके संदेश लिहिले गेले तितकेच वाचलेही गेले, आणि तरी डिस्कवर लेखनांचीच एकसारखी रेघ, वाचने जवळजवळ शून्य.

घेणारी आज्ञावली मागे पडू लागली की हे चित्र बदलते. तिला हवा असलेला संदेश आता एक तासापूर्वीचा असतो, आणि नव्या संदेशांना जागा करून देण्यासाठी त्याची स्मृतीतील प्रत केव्हाच काढून टाकलेली असते. तो डिस्कवरून आणावा लागतो. वाचनांचा आकडा शून्यावरून वर सरकला, म्हणजे रांगेची शेपटी स्मृतीच्या बाहेर गेली असे समजावयास हरकत नाही. आता याच डिस्कवर दोन्ही कामे एकमेकांच्या आड येतात. फिरत्या तबकडीवर तर शीर्षाला नव्या नोंदीच्या जागेवरून जुन्या संदेशाच्या जागेकडे आणि तेथून परत असे हेलपाटे घालावे लागतात, आणि एकेका हेलपाट्यास आठ-दहा मिलिसेकंद जातात. लेखने लांबतात, पावत्या लांबतात आणि पाठविणारेही खोळंबतात.

रांगेतील संदेशांची संख्या उलटे बोलते ती या अवस्थेत. समजा, घेणारी आज्ञावली रात्री बंद पडली आणि सकाळी पुन्हा चालू केली. ती साठलेले संदेश मोठ्या वेगाने ओढू लागते. रांग भराभर कमी होत असल्याचे आलेखावर दिसते आणि सर्वांना हायसे वाटते. नेमक्या त्याच वेळी डिस्कवर वाचनांची गर्दी उसळलेली असते आणि सकाळच्या प्रवाशांच्या विनंत्या पावतीवाचून अडकलेल्या असतात. संख्या सुधारत असते आणि सेवा बिघडत असते. अशा प्रसंगी घेणाऱ्या आज्ञावलीचा वेग मुद्दाम थोडा आवरून धरणे हाच मार्ग उरतो, जरी तो वरवर वेडगळ वाटला तरी.

वाचने वाढण्यास इतर निरुपद्रवी कारणेही असतात. सर्व्हर नुकताच पुन्हा सुरू झाला असेल तर पेज कॅश रिकामा असतो. गटात नवा सर्व्हर आला असेल तर त्यास जुने सर्व संदेश पुरवावे लागतात. रात्रीची सुरक्षा-प्रत घेणारी आज्ञावली सगळ्याच फाइली चाळून काढते. म्हणून किती वाचले जात आहे याबरोबरच कोण वाचीत आहे हेही पाहावे लागते. ‘पिडस्टॅट’ आणि ‘आयोटॉप’ या आज्ञावल्या प्रत्येक प्रक्रियेच्या नावावर तिची वाचने व लेखने मांडून दाखवितात. लेखनांच्या बाबतीत त्यांचे आकडे थोडे जपून घ्यावेत. एफसिंक न करता केलेले लेखन त्या प्रक्रियेच्या नावावर तत्काळ मांडले जाते, परंतु प्रत्यक्ष डिस्कवर ते काही वेळाने प्रणालीच्या स्वतःच्या धाग्यांकडून उतरते; त्यामुळे प्रक्रियेचा आकडा आणि डिस्कचा आकडा एकाच सेकंदात जुळेलच असे नाही.

जागेचा हिशेब

वेगाचा प्रश्न सेवा मंदावतो. जागेचा प्रश्न ती बंद पाडतो. सेकंदाला 4 किलोबाइटचे 1,000 संदेश येत असतील आणि घेणारे कोणी नसेल, तर ताशी 14.4 गिगाबाइट साठतात. 100 गिगाबाइट मोकळी जागा सात तासांतही संपते. एका रात्रीची झोप.

रॅबिटएमक्यू या संकटासाठी एक किमान मर्यादा पाळते. मोकळी जागा त्याखाली गेली की ती पाठविणाऱ्या सर्व आज्ञावल्यांना थोपवून धरते, आणि अनेक सर्व्हरांच्या गटात एका सर्व्हरावर असे झाले तरी साऱ्या गटाचे दार बंद होते. मूळ मांडणीत ही मर्यादा अवघी 50 मेगाबाइट आहे, आणि ती शिकाऊ वापरासाठी ठेवलेली आहे असे तिचे कर्तेच सांगतात. वरील ओघास 50 मेगाबाइट म्हणजे साडेबारा सेकंद. शिवाय रांग उपसण्यासाठीही डिस्कवर लिहावे लागते, कारण कोणता संदेश पोचला याचीही नोंद ठेवावयाची असते. पूर्ण भरलेल्या डिस्कवर रांग रिकामी करणेही अवघड होऊन बसते. तेव्हा शिल्लक जागेपेक्षा शिल्लक वेळ पाहावा: मोकळे बाइट भागिले दर सेकंदास वाढणारे बाइट. ‘वीस टक्के मोकळे’ या वाक्यात माणसाला जाग येण्यास पुरेशी घाई नसते. ‘नव्वद मिनिटे उरली’ यात असते.

काफ्काच्या बाबतीत मात्र भरलेली जागा म्हणजे तुंबलेली रांग असा अर्थ लावू नये. तेथे संदेश वाचला गेला तरी पुसला जात नाही. मूळ मांडणीत तो सात दिवस ठेवला जातो. मागे पडलेल्या आज्ञावलीचे अंतर तेथे वेगळे मोजावे लागते.

जागा मोजणाऱ्या दोन नेहमीच्या आज्ञावल्यांचे, ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ यांचे, आकडे कधी कधी जुळत नाहीत. याचे सर्वसाधारण कारण असे की, फाइल पुसली तरी एखाद्या प्रक्रियेने ती उघडून ठेवली असेल तर तिची जागा मोकळी होत नाही. डीयूला ती फाइल दिसत नाही, डीएफला तिची जागा दिसते. टपालाच्या रांगांत, जेथे प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल होते, तेथे आणखी एक गंमत घडते: बाइट भरपूर शिल्लक असूनही फाइलींच्या नोंदींसाठी राखलेले ‘आयनोड’ संपतात आणि डिस्क भरल्याची तक्रार येते.

भाड्याच्या सर्व्हरांवर याखेरीज एक अदृश्य हिशेब असतो. ॲमेझॉनच्या ‘जीपी-2’ या प्रकारच्या 100 गिगाबाइट साठवणीस सेकंदाला 300 कामांचा हक्क असतो, परंतु साठविलेल्या शिलकीच्या जोरावर ती काही काळ 3,000 कामेही करते. पूर्ण शिल्लक या गतीने सुमारे 33 मिनिटांत संपते. मग काहीही न बिघडता डिस्क एकदम दहापट हळू होते. अर्ध्या तासाची चाचणी घेऊन समाधान मानणाऱ्यांना ही साठवण हमखास चकविते.

देखरेखीची जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. दर सेकंदाचे आकडे ज्या फाइलीत नोंदविले जातात ती फाइल रांगेच्याच डिस्कवर ठेवली, तर मोजण्याचे काम मोजल्या जाणाऱ्या भारात भर घालते, आणि डिस्क भरते तेव्हा शेवटच्या, सर्वांत मोलाच्या काही मिनिटांची नोंदच मिळत नाही. ती दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या यंत्रावर असावी. डिस्क भरत आल्याचा इशारा देणारा संदेश पाठवावयाचा असेल, तर तो याच रांगेतून पाठविण्याची व्यवस्था अर्थातच करू नये. तशी व्यवस्था असलेल्या सर्व्हरावर मर्यादा ओलांडली जाताच पाठविणारे सारे अडविले जातात, आणि त्यांत हा इशाराही असतो.